शब्द कळतात का? साउंडबारची पारख करण्याविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, पाहण्यासाठी आमच्या दुकानात येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न ‘किती वॅटचा?’ असा विचारतात, आणि निघायच्या सुमारास ‘आईला बातम्यांतले शब्द कळत नाहीत, म्हणून घ्यायचा आहे’ हे खरे कारण बोलता बोलता बाहेर पडते. हे पत्रक आम्ही त्या दुसऱ्या वाक्यापासून सुरू करत आहोत, कारण मुंबईतल्या घरात साउंडबार चित्रपटापेक्षा कितीतरी अधिक वेळ बातम्या, मालिका आणि क्रिकेटच्या समालोचनासाठी चालतो.

दूरचित्रवाणी: आवाज नव्हे, शब्द

आजचे टीव्ही सडपातळ असल्यामुळे त्यांचे स्पीकर बहुधा खालच्या किंवा मागच्या बाजूस तोंड करून बसवलेले असतात, आणि आवाज भिंतीवर किंवा युनिटच्या फळीवर आपटून मग आपल्यापर्यंत येतो. यात नुकसान होते ते व्यंजनांचे. स्वर मुळातच जोरकस असतात. पण ‘त’ की ‘क’, ‘स’ की ‘श’ हे कानाला ज्यावरून कळते, त्यातील मोठा भाग साधारण २,००० हर्ट्‌झच्या वर असतो, आणि वयोमानानुसार ऐकू येणे कमी होते तेही आधी वरच्या पट्टीत. म्हणूनच घरातील ज्येष्ठ मंडळी ‘आवाज येतो, पण काय बोलतात ते समजत नाही’ अशी तक्रार करतात. अशा वेळी रिमोटवर आवाज वाढवला, की स्वरही तितकेच वाढतात आणि खोलीत नुसता कल्लोळ होतो.

यावर खरा उपाय म्हणजे मधला स्वतंत्र स्पीकर. खोक्यावरील २.१ या आकड्याचा अर्थ आवाजाच्या डावी आणि उजवी अशा दोन वाहिन्या व एक सबवूफर, म्हणजे खोल आवाजासाठीचा वेगळा स्पीकर, असा असतो, ३.१ मध्ये संवादांसाठी मधली वाहिनी वेगळी असते. २.१ मध्येही संवाद मधूनच आल्याचा भास होतो, परंतु तो समोर मध्यभागी बसलेल्याला. पलंगाच्या कडेला किंवा स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत बसलेल्या माणसाच्या बाबतीत तो भास मोडतो. ज्या घरात सर्वजण एका रांगेत सोफ्यावर बसत नाहीत, आणि आमच्या पाहण्यात तशीच घरे अधिक आहेत, तेथे ३.१ साठी थोडे अधिक पैसे मोजणे रास्त ठरते.

चाचणी घेताना बातम्यांची वाहिनी लावावी, आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवावा आणि पंखा घरी असतो तितक्याच वेगावर फिरू द्यावा. दुकानातील काचेच्या बंद खोलीत कोणताही साउंडबार स्पष्ट वाटतो. आपल्या हॉलमध्ये मात्र पंखा आहे, रस्त्यावरचा हॉर्न आहे, काहींच्या खिडकीखालून लोकलही जाते. त्याच वेळी निवेदकाच्या ओठांकडे लक्ष द्यावे. प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण उच्चारताना ओठ मिटतात, त्यामुळे ‘मुंबई’ हा एकच शब्द पुरेसा आहे: ओठ मिटणे आणि ‘म’ ऐकू येणे यांत अंतर पडत असेल, तर ते लगेच दिसते. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की प्रेक्षकाला ते जाणवू लागते, असे आंतरराष्ट्रीय प्रसारण शिफारशींत धरलेले आहे. साउंडबारमधील ‘लिप सिंक’ची सोय आवाजाला केवळ उशीर करू शकते, तो लवकर आणू शकत नाही, त्यामुळे आवाज आधीच मागे पडत असल्यास ती सोय शून्यावर आणून टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ (आवाज न दाबता पाठवण्याची साधी पद्धत) निवडून पाहावे. दुरुस्तीसाठी म्हणून आमच्याकडे आलेले कित्येक साउंडबार एवढ्यानेच सुधारले आहेत.

चित्रपट

चित्रपटासाठी साउंडबार पाहताना आधी टीव्हीची मागची बाजू पाहावी. तेथील एचडीएमआयच्या खाचांपैकी बहुधा एकाच खाचेवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारी सोय) असे लिहिलेले असते आणि साउंडबार त्याच खाचेत जोडायचा असतो. ‘एआरसी’ २००९ मध्ये आली, तर अधिक क्षमतेची ‘ईएआरसी’ २०१७ मध्ये. ओटीटीवरील डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे वरूनही आवाज येत असल्यासारखी ध्वनिपद्धत, दाबलेल्या (कमी जागेत बसवलेल्या) स्वरूपात येतो आणि टीव्हीने तो पुढे पाठवला तर ‘एआरसी’मधूनही जातो, ब्लू-रे तबकडीवरील न दाबलेल्या दर्जाच्या ॲटमॉससाठी मात्र ‘ईएआरसी’ लागते. ऑप्टिकल केबलमधून साधा ५.१ डॉल्बी जातो, ॲटमॉस जात नाही. टीव्ही जुना असेल आणि त्यात फक्त ऑप्टिकल असेल, तर ॲटमॉसच्या नावाखाली जास्त किंमत देण्यात अर्थ नाही.

५.१.२ मधील शेवटचा आकडा उंचीच्या वाहिन्यांचा असतो. काही साउंडबारमध्ये त्यासाठी वरच्या बाजूस तोंड असलेले स्पीकर असतात, आणि त्यांचा आवाज छतावरून परावर्तित होऊन वरून आल्यासारखा वाटतो. यासाठी छत सपाट, कठीण आणि फार उंच नसलेले हवे. सपाट पीओपी चालते. खाचाखोचांचे, लाकडी पट्ट्यांचे छत असेल किंवा नेमक्या वाटेत पंखा येत असेल, तर परिणाम बराच ओसरतो. जुन्या चाळीतील किंवा दक्षिण मुंबईतील उंच छताच्या घरांना आम्ही या प्रकाराची शिफारस करत नाही. वरचे स्पीकर नसतानाही खोक्यावर ॲटमॉसचे चिन्ह असू शकते. तेथे उंचीचा आभास केवळ गणिताने निर्माण केलेला असतो, आणि तो कधी बरा वाटतो, कधी मुळीच जाणवत नाही.

सबवूफर आणि खालचे शेजारी

सबवूफरविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक निराशा आणि सर्वाधिक भांडणे त्याच्यामुळेच होतात. ४० हर्ट्‌झच्या ध्वनीलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर असते, आणि आपला हॉल बहुधा १० बाय १५ फुटांचा. इतक्या लांब लहरी भिंतींमध्ये अडकून खोलीत काही ठिकाणी दुप्पट घुमतात, तर काही ठिकाणी जवळजवळ नाहीशा होतात. म्हणून एकच वूफर सोफ्यावर बसलेल्याला पोकळ वाटतो आणि भिंतीला टेकलेल्याला गडगडाटी. जागा शोधण्याची एक जुनी युक्ती अशी, की वूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, खोल आवाजाचे एखादे दृश्य लावावे आणि स्वतः खाली वाकून भिंतीकडेने फिरावे. जेथे आवाज भरीव आणि समतोल लागेल, तेथे वूफर ठेवावा. हे करताना घरचे हसतात, पण उपयोग होतो.

वूफर थेट फरशीवर ठेवल्यास त्याची थरथर स्लॅबमधून खालच्या घरात उतरते. जाड रबरी मॅटने ती काहीशी कमी होते. हवेतून जाणारा आवाज त्याने थांबत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ हा काळ रात्रीचा धरला जातो आणि निवासी भागासाठी त्या वेळची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्यामुळे साउंडबारमध्ये ‘नाइट मोड’ आहे का, हे जरूर विचारावे. तो स्फोटांचा आवाज आवरतो आणि कुजबुज उचलतो. रिमोटवर वूफरचा आवाज स्वतंत्रपणे कमी करण्याची सोय नसेल, तर इमारतीत राहणाऱ्याने तो साउंडबार घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संगीत

येथे साउंडबार उणा पडतो, हे विक्रेते असूनही सांगणे आम्हाला भाग आहे. स्टिरिओसाठी दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो. तीन मीटरवर बसणाऱ्यासाठी स्पीकरही एकमेकांपासून तीन मीटरवर हवेत. ९० सेंटिमीटरच्या साउंडबारची दोन्ही टोके तेथून ६० अंशांऐवजी जेमतेम १७ अंशांत दिसतात. ज्यांचे मुख्य प्रेम संगीतावर आहे, त्यांनी त्याच पैशात साधा ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घेण्याचा विचार करावा.

तरीही संगीताची चाचणी टाळू नये, कारण साउंडबारचे दोष संगीतात लपत नाहीत. ‘सराउंड’ बंद करून आपल्याला पाठ असलेली एखादी बैठकीची मैफल लावावी. तानपुऱ्याची जव्हारी, म्हणजे तारेची झंकारती गुंज, ऐकू येते की नुसता गुंजारव राहतो, हे पाहावे. मग डग्ग्यावरील घिस्सा, म्हणजे हात घासून काढलेला घुमारा, ऐकावा. साधारण ८० हर्ट्‌झच्या खालचा आवाज कोठून येतो हे कानाला कळत नाही. परंतु लहान स्पीकर असलेल्या साउंडबारमध्ये त्याहून वरचा आवाजही वूफरकडे सोपवलेला असतो, आणि मग तबला टीव्हीखाली तर डग्गा कोपऱ्यात, अशी फाळणी होते. ब्लूटूथवर गाणे दाबून पाठवले जाते, त्यामुळे शक्य तेथे वाय-फाय किंवा पेनड्राइव्ह वापरावा.

वॅटविषयी

‘पीएमपीओ’ या फुगवलेल्या क्षणिक आकड्याकडे दुर्लक्ष करावे, ‘आरएमएस’ म्हणजे सतत मिळणाऱ्या शक्तीचा आकडा विचारावा. वॅट दुप्पट झाले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, तो दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. दोन साउंडबारांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा, कारण किंचित मोठा वाजणारा साउंडबार कानाला नेहमी चांगलाच वाटतो, आणि ही गोष्ट विक्रेत्यांनाही ठाऊक असते.

येताना काय आणावे

टीव्हीच्या मागच्या खाचांचा फोटो, हॉलची लांबी-रुंदी आणि टीव्ही स्टँडवर असल्यास त्याच्या पायांची उंची व दोन पायांमधील अंतर एवढे आणावे. ४३ इंची टीव्ही सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो, त्यामुळे साउंडबार पायांमध्ये मावेल की पुढे ठेवावा लागेल, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. आणि पुढे ठेवलेला उंच साउंडबार टीव्हीच्या रिमोटचा सेन्सर झाकतो. शोकेसच्या कप्प्यात आत ढकलून तो ठेवण्याचा बेत असेल, तर तेही आधी सांगावे, म्हणजे बाजूंना आणि वरच्या दिशेला आवाज फेकणारे साउंडबार आम्ही आपल्याला दाखवणारच नाही.