बिशप बटलर: स्वार्थवादाला दिलेल्या उत्तराची पार्श्वभूमी

'गीतारहस्या'च्या 'आधिभौतिक सुखवाद' या प्रकरणात टिळक इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्सचे 'माणूस मुळात स्वार्थीच' हे मत मांडतात आणि ते खोडून काढणारा इंग्लंडमधलाच पंडित म्हणून बटलरचे नाव घेतात. मराठी वाचकाची या माणसाशी ओळख झालीच तर बहुधा तेवढीच. ती वाढायला हवी, कारण 'माणूस जे करतो ते शेवटी स्वतःसाठीच' हे वाक्य आजही चहाच्या टपरीपासून अर्थशास्त्राच्या वर्गापर्यंत बिनदिक्कत फेकले जाते.

जोसेफ बटलरचा जन्म १६९२चा, वाँटेज या गावातला. वडील कापडाचे व्यापारी आणि पंथाने प्रेस्बिटेरियन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत अँग्लिकन चर्चबाहेरचे प्रोटेस्टंट. अँग्लिकन चर्चची धर्ममताची कलमे मान्य केल्याशिवाय ऑक्सफर्डमध्ये तेव्हा प्रवेश नसे. म्हणून जोसेफ शिकला तो पंथाबाहेरच्यांसाठी चालवलेल्या खासगी विद्यालयात. तिथूनच विशीतल्या या विद्यार्थ्याने १७१३मध्ये सॅम्युएल क्लार्क या नामांकित तत्त्वज्ञाला ईश्वराच्या अस्तित्वाविषयीच्या त्याच्या युक्तिवादातल्या फटी दाखवणारी पत्रे लिहिली, आणि तीही निनावी. पत्ता फुटू नये म्हणून थॉमस सेकर हा वर्गमित्र ती ग्लॉस्टरला जाऊन टपालात टाकी. हाच सेकर पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला. क्लार्कने ही पत्रे आपल्या उत्तरांसह छापली. पुढे बटलरने अँग्लिकन पंथ स्वीकारला आणि १७१५मध्ये ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात नाव घातले.

१७१९पासून तो लंडनच्या रोल्स चॅपलमध्ये प्रवचने देऊ लागला. समोर वकील मंडळी बसलेली, म्हणजे युक्तिवाद तोलून घेणारा श्रोता. काळही तसाच होता. हॉब्सचे 'लेव्हायथन' १६५१चे, पण त्यातला स्वार्थवाद विरला नव्हता. मँडेव्हिल या लेखकाने तर माणसांच्या दुर्गुणांवरच समाजाची भरभराट चालते असे मांडून खळबळ उडवली होती. १७२६मध्ये बटलरची पंधरा प्रवचने छापून आली, ती या वादाला उत्तर म्हणून.

हॉब्सच्या मते दया म्हणजे दुसऱ्याचे दुःख पाहून 'उद्या हे माझ्यावर आले तर?' अशी वाटलेली भीती. यावर बटलर एका तळटिपेत विचारतो: तसे असेल तर भित्रा माणूस आणि दयाळू माणूस एकच ठरतील, पण तसे कोणाला वाटते का? या एका प्रश्नाने हॉब्सची व्याख्या कोसळते. सुखाबद्दलचे बटलरचे म्हणणे याहून खोल आहे. मित्राचे भले झाल्याचा आनंद मला होतो, कारण त्याचे भले व्हावे ही इच्छा माझ्यात आधीपासून असते. ती इच्छाच नसती तर आनंद आला असता कुठून? मग परोपकार हा सुखासाठी केलेला व्यवहार कसा ठरेल? शिवाय रागाच्या भरात माणूस स्वतःचे वाटोळे करून घेतो, तेव्हा तो स्वार्थ तरी कुठे पाहतो? लोक आपले हित फार पाहतात ही खंत नाही, ते तर पुरेसे पाहतच नाहीत; दुसऱ्याचे हित इतके कमी पाहतात ही खंत आहे, असे बटलर प्रस्तावनेत स्पष्ट लिहितो. या सगळ्या प्रेरणांवर तो सदसद्विवेकबुद्धीला बसवतो. तिच्याकडे अधिकार आहे, बळ नाही. अधिकाराइतके बळ असते तर तिने जगावर राज्य केले असते, असे तो म्हणतो.

त्यानंतरची काही वर्षे उत्तरेकडच्या स्टॅनहोप या आडगावात गेली. बटलर हयात आहे का, असे कॅरोलाइन राणीने विचारले तेव्हा आर्चबिशप ब्लॅकबर्न म्हणाले, 'हयात आहे, पण पुरला गेला आहे,' अशी आख्यायिका आहे. १७३६मध्ये राणीने त्याला आपल्या सेवेत घेतले. त्याच वर्षी त्याचे पुस्तक 'अ‍ॅनॅलॉजी ऑफ रिलिजन' आले. पुढे तो ब्रिस्टलचा (१७३८) आणि डरहॅमचा (१७५०) बिशप झाला, आणि १७५२मध्ये बाथ येथे वारला.

देव मानणारे पण देवाने बायबलमधून स्वतःला प्रकट केले हे नाकारणारे जे डीइस्ट होते, त्यांना उत्तर म्हणून 'अ‍ॅनॅलॉजी' लिहिले होते. एकोणिसाव्या शतकात ते पाठ्यपुस्तक झाले, न्यूमन या धर्मपंडितावर त्याची छाप पडली आणि ब्रिटनचा पंतप्रधान राहिलेल्या ग्लॅडस्टनने म्हातारपणी बटलरचे लेखन संपादित केले. पण डीइस्ट मागे पडले तसा या पुस्तकाचा वाचकही आटला. प्रवचने मात्र नीतिशास्त्राचे विद्यार्थी अजून वाचतात. 'प्रत्येक वस्तू ती जी आहे तीच असते, दुसरी कुठली नसते' हे त्यांच्या प्रस्तावनेतले वाक्य जी. ई. मूर या इंग्रज तत्त्वज्ञाने १९०३मध्ये आपल्या 'प्रिन्किपिया एथिका'च्या आरंभी छापले.