जुनं सॉफ्टवेअर, नवा कॉम्प्युटर: एम्युलेटर घ्यायचा की व्हर्च्युअल मशीन?

नव्या कॉम्प्युटरवर जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर कॉपी केलं, डबल क्लिक केलं, की विंडोज सांगतं: हा प्रोग्राम इथे चालणार नाही. मग शोधाशोध सुरू होते आणि एम्युलेटर आणि व्हर्च्युअल मशीन ही दोन नावं पुन्हा पुन्हा समोर येतात. दोन्हींत एका खिडकीत जुना कॉम्प्युटर चालताना दिसतो, म्हणून बरेच जण त्यांना एकच समजतात. पण आतून त्यांचं काम अगदी वेगळं आहे, आणि निवड चुकली तर ते महिनाअखेरीला, घाईच्या वेळीच कळतं.

आधी अडतं कुठे ते पाहू. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाइप करायची ऑपरेटिंग सिस्टीम. तिचे बहुतेक प्रोग्राम १६-बिटचे, म्हणजे एका वेळी १६ बिटांचा आकडा हाताळणाऱ्या जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेले. ३२-बिट विंडोजमध्ये ते चालवायला एनटीव्हीडीएम नावाची सोय होती आणि ती प्रोसेसरच्या 'व्हर्च्युअल ८०८६' मोडवर उभी होती. प्रोसेसर ६४-बिट मोडमध्ये चालत असताना तो मोड मिळतच नाही, म्हणून ६४-बिट विंडोजमध्ये ती सोय नाही. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटमध्येच येतं. त्यामुळे डॉस प्रोग्रामसाठी 'कंपॅटिबिलिटी मोड'शी (जुन्या विंडोजसारखं वागायला लावणाऱ्या सेटिंगशी) झटापट करण्यात अर्थ नाही. ३२-बिट प्रोग्रामचं तसं नाही, ते बहुधा सरळ चालतात. कधीकधी प्रोग्राम ३२-बिट असतो आणि त्याचा इन्स्टॉलर तेवढा १६-बिट. हे आधी तपासा, कदाचित दोन्हींतलं काहीच लागणार नाही.

आता मूळ फरक. एम्युलेटर प्रोसेसरचीच नक्कल सॉफ्टवेअरमध्ये उभी करतो. जुन्या प्रोग्रामची सूचना वाचायची आणि खऱ्या ३८६ किंवा ४८६ या जुन्या इंटेल प्रोसेसरने जे केलं असतं ते करायचं. व्हर्च्युअल मशीन डिस्क, स्क्रीन, नेटवर्क कार्ड असा भोवतालचा सरंजाम खोटा उभा करते, पण सूचना बहुतांशी थेट तुमच्या खऱ्या प्रोसेसरवरच धावतात. म्हणूनच एआरएम या वेगळ्या जातीच्या, इंटेलच्या सूचना न समजणाऱ्या प्रोसेसरच्या कॉम्प्युटरवर इंटेलसाठीचं विंडोज एक्सपी नुसत्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालत नाही. तिथे एम्युलेशनच लागतं. क्यूईएमयू नावाचं सॉफ्टवेअर ही दोन्ही कामं करू शकतं, त्यामुळे गोंधळात आणखी भर पडते.

हा फरक कामात कसा दिसतो? टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले अनेक प्रोग्राम उघडताच 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडतात. टर्बो पास्कलमधला सीआरटी युनिट नावाचा तयार कोड सुरुवातीला एक रिकामा लूप सुमारे ५५ मिलिसेकंद फिरवून प्रोसेसरचा वेग मोजतो आणि आलेल्या आकड्याला ५५ ने भागतो. प्रोसेसर फार वेगवान असला की भागाकार १६ बिटांत मावत नाही आणि प्रोग्राम कोसळतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये खराच प्रोसेसर पळत असल्यामुळे हा दोष जसाच्या तसा राहतो. डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये वेग कमी करता येतो आणि तोच प्रोग्राम निमूट चालू लागतो.

मग डॉससाठी डोळे झाकून डॉसबॉक्स घ्यावा का? नाही. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी बनलेला आहे. छपाई हे त्याचं उद्दिष्टच नव्हतं. जुना प्रोग्राम बिल सरळ एलपीटी१ या जुन्या प्रिंटर पोर्टवर पाठवतो, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या कोडसकट, आणि आजच्या अनेक प्रिंटरना ते कोड कळत नाहीत. डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस हे पर्याय ती छपाई पकडून विंडोजच्या प्रिंटरकडे वळवतात. माझं मत स्पष्ट आहे: एकाच टेबलावर चालणाऱ्या डॉस प्रोग्रामसाठी एम्युलेटरच, पण छपाई नीट सांभाळणारा. एकाच डीबीएफ फाइलवर (जुन्या प्रोग्रामच्या डेटा फाइलवर) दोघं-तिघं एकदम काम करत असतील, तर रेकॉर्ड लॉकिंगची, म्हणजे एकजण नोंद बदलत असताना दुसऱ्याला अडवण्याची चाचणी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन कॉम्प्युटरवर एकच नोंद दुरुस्तीला उघडा. दुसऱ्याला अडवलं नाही, तर इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) बिघडायला वेळ लागणार नाही.

सॉफ्टवेअर एक्सपीच्या काळातलं असेल, सोबत डेटाबेस सर्व्हर आणि स्वतःचे ड्रायव्हर असतील, तर व्हर्च्युअल मशीनला पर्याय नाही. यूएसबी डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची छोटी किल्ली) असेल तर तोही आत जोडून देता येतो. मात्र एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला आहे, त्यामुळे त्या मशीनला इंटरनेट देऊ नका.

आणि स्नॅपशॉटबद्दल, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची त्या क्षणाची जतन केलेली अवस्था. बिघाड झाला की मशीन आधीच्या अवस्थेत परत नेता येते, ही फार मोठी सोय. पण डेटाही त्याच आभासी डिस्कवर असेल, तर तोही मागे जातो आणि मधल्या दिवसांच्या नोंदी पुसल्या जातात. म्हणून डेटा बाहेर, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याचा रोजचा बॅकअप वेगळा घ्या. प्रोग्रामला तिथून काम करणं जमत नसेल, तर स्नॅपशॉटवर परत जाण्याआधी आतली डेटा फाइल हाताने बाहेर कॉपी करा.