चालकाचा बॅकरेस्ट आणि पिलियनचा बॅकरेस्ट

'बाइकला बॅकरेस्ट लावायचाय' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुणाच्या पाठीला? या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. लांबच्या प्रवासात कंबर धरते म्हणून शोध सुरू होतो आणि घरी भलतीच वस्तू येते.

भलती म्हणजे पिलियनचा, म्हणजे मागे बसणाऱ्याचा बॅकरेस्ट, ज्याला सिसी बार म्हणतात. मागच्या सीटच्या टोकाला, ग्रॅब रेलला (मागच्याने धरायच्या दांडीला) किंवा मडगार्डच्या बाजूला आवळलेला दांडा आणि वर गादी. गाडीने एकदम वेग घेतला की मागे बसलेल्याचं शरीर मागे जातं, आणि धरायला त्याच्या हातात हँडल नसतं. त्याला अडवण्यासाठी हा दांडा असतो, म्हणून तो उंच आणि भक्कम.

चालकाचा बॅकरेस्ट दोन सीटच्या मधे उभा राहतो. त्याची गादी लहान असते आणि ब्रॅकेट सीटखाली जातं. हँडल हातात असल्यामुळे चालक मागे पडत नाही. त्याचा त्रास वेगळा. कमरेपाशी मणक्याला आतल्या बाजूला बाक असतो. तासाभराने स्नायू थकले की माकडहाडावर रेलून बसणं सुरू होतं, तो बाक सपाट होतो आणि कळ लागते. क्रूझरवर, म्हणजे आरामात मागे रेलून चालवायच्या बुटक्या, लांब बाइकवर, हे जास्त जाणवतं. तिथे फूटपेग, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्या, पुढे असतात, त्यामुळे पायांवर भार घेता येत नाही आणि सगळं वजन बुडावर येतं. शिवाय छातीवरचा वारा मागे रेटत असतो. कमरेच्या खोलगट भागाला टेकलेली गादी तो बाक टिकवून धरते. तिचं काम एवढंच, पण फार मोलाचं.

एकटं असताना मागे सरकून सिसी बारलाच टेकलं तर? मी करून पाहिलंय. हात ताणले जातात, कोपरं सरळ होतात आणि प्रत्येक खड्डा थेट खांद्यात शिरतो. कंबर सुटते, मान धरते. शिवाय सरळ झालेल्या हातांनी गाडी नीट वळवता येत नाही. हे खरंच करू नका.

बसवताना माप दुकानातल्या फोटोवरून घेऊ नका. रायडिंगचं जॅकेट घालून गाडीवर नेहमीसारखे बसा, कोपरं किंचित वाकलेली ठेवा आणि पट्ट्याच्या थोडं वर, जिथे पाठ आत जाते तिथे कुणाला तरी खडूने खूण करायला सांगा. गादीचा मध्य तिथे हवा. ती नुसती टेकली पाहिजे. पुढे ढकलत असेल तर तुम्ही टाकीकडे घसरत राहाल. म्हणून उंची आणि पुढे-मागे अंतर बदलता येणाराच घ्या. ब्रॅकेटचा भार चासीवर किंवा सीटच्या मूळ बोल्टवर यावा. सीटच्या प्लास्टिकच्या तळाला भोक पाडून बसवलेलं ब्रॅकेट तो तळ चिरू शकतं. पहिल्या लांब फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासा, थरथरीने ते सैल होतात.

पुढे वाकून चालवायच्या स्पोर्ट्स बाइकवर हा निरुपयोगी आहे, पाठ गादीपर्यंत पोचतच नाही. पेगवर उभं राहून कच्च्या रस्त्याने जाणाऱ्यांना तो आडवा येतो. पाठीवर सॅक असेल तरी जमत नाही. सामान सिसी बारला बांधता येतं, पण तेही हलकंच. उंचावर आणि मागच्या चाकाच्याही मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं पडतं.

गाडीवर कायम दोघं असतील तर चालकाचा बॅकरेस्ट दुमडणारा हवा, नाहीतर चढता-उतरताना पाय अडकतो. तो मागच्याची जागाही खातो. त्यामुळे माप घ्यायच्या दिवशी मागे बसणाऱ्यालाही सोबत न्या, बसवा, आणि त्याचे गुडघे कुठे येतात ते बघूनच बोल्ट आवळा.