आधी पात्र की आधी कथानक? एका जुन्या भांडणाची नाशिककर पार्श्वभूमी

नाशिकला कथालेखनाच्या वर्गात नवशिके हमखास एक तक्ता भरून आणतात. नायिकेचं वय, उंची, आवडती भाजी, एकदा तर राससुद्धा होती. खाली ‘कथानक’ लिहून पुढे कोरी जागा. मग प्रश्न येतो, सर, पात्रं तयार आहेत, आता गोष्ट कुठून आणू?

पात्र एका कप्प्यात आणि कथानक दुसऱ्या, ही वाटणी आपल्याकडे तशी अलीकडची. ज्या गावात बसून हा प्रश्न विचारला जातो, त्याचं नावच लोकसमजुतीप्रमाणे एका पात्राच्या कापलेल्या नाकावरून पडलं आहे. रामायणात पंचवटीपर्यंत वनवासाची वाटचाल चालते. मग शूर्पणखा येते. राम थट्टेने तिला लक्ष्मणाकडे धाडतो, ती चिडून सीतेवर धावते, लक्ष्मण तिचे नाक-कान कापतो. ती आधी खराकडे जाते आणि तो मारला गेल्यावर थेट लंका गाठते. तिथे रावणापुढे गाऱ्हाणं मांडता मांडता ती सीतेच्या रूपाचं वर्णन करते. भावाला काय सांगितलं म्हणजे तो उठेल, हे तिला पक्कं ठाऊक आहे. कांचनमृग, जटायू, सेतू, युद्ध हे सगळं त्या अपमानातून आणि त्या हुशारीतून निघतं. यात पात्र कुठे संपलं आणि कथानक कुठे लागलं, ते कुणी रेघ मारून दाखवावं.

उलट टोकाचा नमुनाही याच जिल्ह्यात आहे. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पट्ट्यात बोहाडा होतो. रात्रभर वाद्यांच्या तालावर मुखवटा चढवलेली सोंगं एकामागून एक येतात, नाचतात, जातात. मुखवटा आणि चाल दिसली की गाव सोंग ओळखतं. गोष्ट सांगायची गरज पडत नाही, कारण ती बघणाऱ्याला आधीच पाठ असते. छापील कथेच्या लेखकाला ही सवलत नाही.

छापील कादंबरी आपल्याकडे उशिरा आली. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं आणि मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची. म्हणजे वाचनालय आधी, कादंबरी सतरा वर्षांनी! त्यात यमुना प्रवासाला निघते आणि तिला भेटणाऱ्या विधवांची दुःखं एका दोऱ्यात ओवली जातात. दोरा म्हणजे कथानक, आणि तो फारसा ताणलेला नाही. पुढची काही वर्षं राजपुत्र, अरण्यं आणि योगायोग यांच्या अद्भुत कथांची. या प्रकाराला आपण दिलेलं ‘कादंबरी’ हे नावही बाणभट्टाच्या नायिकेचं. एका पात्राचं नाव अख्ख्या साहित्यप्रकाराला चिकटलं, ही गोष्ट मला फार आवडते.

खरा पालट हरिभाऊ आपट्यांनी केला. 1890 मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली. यमू स्वतःच आपली हकिगत सांगते, घरातल्या बाईच्या बोलीत. तिच्या आयुष्यात विमानं उतरत नाहीत. तिच्याबाबतीत घरातले लोक जे ठरवतात, तेच कथानक. आठवडाभर थांबून वाचणाऱ्याला एवढं पुरत होतं.

मग आलं ‘तंत्र’. ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ 1931 चं. कथेची मांडणी, गुंतागुंत, उत्कंठा, उकल यांची कारागिरी शिकवता येते, असा त्यांचा पक्का विश्वास होता. त्यांची टिंगल करणं सोपं आहे. पण मराठीत कथेची हत्यारं इतकी नीट मांडून ठेवणारे त्यांच्याआधी थोडेच. बिघडलं ते पुढे, हत्यारांची यादी हातात आल्यावर. आमच्या वर्गातला तक्ता हा त्या यादीचा दूरचा नातू.

नाशिकच्या दोन नाटककारांनी मात्र ही यादी बाजूला ठेवली. एच.पी.टी. कॉलेजात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांनी 1962 मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ दिलं. शेवट प्रेक्षकाला शाळेपासून ठाऊक, तेव्हा ‘पुढे काय’ची उत्कंठा शून्य. उत्कंठा आहे ती शिवाजी आणि संभाजी या बापलेकांत कोण काय बोलणार याची. तात्यासाहेब शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ 1970 चं. राजा लिअरची सावली त्यावर आहे, हे सगळे सांगतात. पण लिअर राज्य वाटतो आणि गणपतराव बेलवलकर निवृत्त झाल्यावर आपली मिळकत मुलांत वाटून टाकतात. आयुष्यभर रंगमंचावर राजे रंगवलेला माणूस घरातही राजासारखाच उदार होतो. वाताहतीचं बी त्या एका उदारपणात आहे. हिशेबी बेलवलकर कल्पून पाहा, पहिल्या अंकातच नाटक संपतं.

1963 मध्ये दोन्ही बाजूंनी धक्का बसला. नेमाड्यांच्या ‘कोसला’ने घट्ट बांधलेलं कथानकच नाकारलं आणि पांडुरंग सांगवीकर तरीही लोकांच्या लक्षात राहिला. त्याच साली बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. बागूल विहितगावचे, आता नाशिक शहरातच आलेल्या. शीर्षककथेतला तरुण नोकरीच्या गावी खोली मिळावी म्हणून जात लपवतो. बस्स, एवढंच. त्यानंतर कुणी साधी विचारपूस केली तरी वाचकाचा श्वास अडकतो. कुणी गुंतागुंत रचलेली नाही. ती समाजाने आधीच रचून ठेवली होती, बागुलांनी त्यात एक माणूस उभा केला.

परवाच्या तक्त्यात एक भाजीवाली काकू होती. उंची पाच फूट, साडी हिरवी. ती काय लपवते, असं विचारलं तेव्हा लिहिणारी मुलगी जरा वेळ पेन चावत बसली. मग म्हणाली, “बुधवारच्या बाजारातून आली की नवऱ्याला गल्ला पन्नास रुपये कमी सांगते.”