फॉलोअर्स वाढले म्हणजे गिऱ्हाईक वाढलं, असं नसते भाऊ

नागपुरात इतवारी, सीताबर्डी, धरमपेठ, कुठंही छोट्या दुकानदाराशी बोला, एक गोष्ट हमखास ऐकू येते की इन्स्टावर दहा हजार फॉलोअर्स झाले की धंदा आपोआप चालतो, आणि मग लोकं पैसे देऊन फॉलोअर्स विकत घेतात. हे साफ चूक आहे! विकतचे अकाउंट बहुतेक बनावट नाहीतर भलत्याच देशातले, ते महालात सावजी खायला कुठून येणार? उलट नुकसानच, कारण पोस्टला कोणी लाइक-कमेंट करत नाही म्हटल्यावर इन्स्टा ती पुढे कमी लोकांना दाखवते, आणि असे खोटे लाइक-फॉलो कंपनी २०१८ पासून काढून टाकते आहे.

मेहनतीचा पैसा असा घालवू नका, खरंच. गूगलवर बिझनेस प्रोफाइल बनवा, फुकट आहे, जवळपास टेलर शोधणाऱ्याला तुमचं दुकान नकाशावर दिसू शकते. जाहिरात द्यायचीच तर दुकानाभोवतीच्या काही किलोमीटरपुरती लावता येते.

आणि व्हॉट्सअॅप ब्रॉडकास्टचं, म्हणजे एकच मेसेज एकदम बऱ्याच जणांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीचं, बरेच जण विसरतात, एका लिस्टमध्ये २५६ जण टाकता येतात पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला त्यालाच मेसेज पोचतो, म्हणून बिल देतानाच गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला सांगा.