शनिवार स्टाइनचे, शुक्रवार बार्नीचे

पॅरिसवरच्या मराठी लेखांत एक वाक्य थोड्याफार फरकाने सतत भेटतं. एक श्रीमंत अमेरिकन लेखिका होती, ती पॅरिसमध्ये स्थायिक झाली, दर आठवड्याला तिच्या घरी सलोन, म्हणजे लेखक-कलावंतांची घरगुती बैठक भरायची, पिकासो यायचा, फ्रेंच लेखिका कोलेत यायची, हेमिंग्वे यायचा, बागेत ग्रीक धाटणीचं छोटं देऊळ होतं आणि स्वयंपाकघराची बाजू अॅलिस टोक्लस सांभाळायची. या वाक्यात दोन बायका एकमेकींत कालवल्या आहेत. देऊळ बार्नीच्या बागेतलं, टोक्लस ही स्टाइनची जोडीदार, तिच्या घरातली. वाचणाऱ्याच्या मनात राहते फक्त गर्ट्रूड स्टाइन, आणि नॅटली बार्नी तिच्या सावलीत नाहीशी होते. हे मला मनापासून खटकतं, कारण साठ वर्षं चाललेलं काम त्यात पुसलं जातं.

घोटाळा का होतो ते उघड आहे. दोघी अमेरिकन, दोघींचा जन्म 1870च्या दशकातला (स्टाइन 1874, बार्नी 1876), दोघींकडे घरचा पैसा, दोघी सीन नदीच्या डाव्या तीरावर, एकमेकींपासून चालत वीसेक मिनिटांवर. दोघींनी आयुष्य स्त्रियांसोबत काढलं आणि ते लपवलं नाही. वर दोघी एकमेकींना चांगल्या ओळखत होत्या, एकमेकींच्या घरी जात होत्या.

किरकोळ फरक झटपट सांगून टाकते. स्टाइनचा पत्ता 27, रू द फ्लरूस. बार्नीचा 20, रू जाकोब. स्टाइनकडे शनिवारी संध्याकाळी, बार्नीकडे शुक्रवारी दुपारनंतर. स्टाइन पेन्सिल्व्हेनियातली, बार्नी ओहायोतली. स्टाइनचं उत्पन्न बेताचं, तिचा मोठा भाऊ मायकल ते सांभाळायचा. बार्नीच्या वडिलांनी रेल्वेच्या डब्यांच्या धंद्यातून आलेली मोठी संपत्ती मागे ठेवली होती. हे तपशील चुकले तरी फार बिघडत नाही.

बिघडतं ते पुढच्या मुद्द्यावर: या दोन घरी माणसं जमत होती ती कशासाठी?

स्टाइन तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. ती 1903 साली पॅरिसला आली आणि भाऊ लिओ याच्याबरोबर राहू लागली. अंगणात दुमजली छोटं घर आणि त्याला लागून एक मोठा स्टुडिओ. बहीणभावांनी सेझान, मातीस, पिकासो यांची चित्रं घ्यायला सुरुवात केली तेव्हा ती चित्रं भल्याभल्यांना थट्टेचा विषय वाटत होती. 1905च्या प्रदर्शनात मातीसच्या टोपीवाल्या बाईच्या चित्रासमोर लोक हसत होते, आणि ते चित्र स्टाइन भावंडांनी विकत घेतलं. स्टुडिओच्या भिंती छतापर्यंत चित्रांनी भरल्या. ती पाहायला ओळखीचे लोक यायचे, मग त्या ओळखीच्यांचे ओळखीचे, वेळीअवेळी. स्टाइन रात्री लिहायची. कामात व्यत्यय नको म्हणून भेटीसाठी शनिवारची संध्याकाळ ठरवण्यात आली. म्हणजे सलोन काढायचं असं ठरवून कोणी ते काढलं नव्हतं. भिंतीवरच्या चित्रांनी माणसं ओढून आणली आणि त्या वर्दळीला एक वार नेमून दिला गेला.

इथे लिओचं नाव घेतलंच पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत त्या खोलीत चित्रांबद्दल बोलणारा, आलेल्यांना सेझान समजावून सांगणारा माणूस लिओ होता. गर्ट्रूड बराच वेळ ऐकत बसायची. पुढे दोघांचं बिनसलं, लिओ इटलीला गेला, चित्रांची वाटणी झाली. पिकासोची चित्रं बहिणीकडे राहिली, रन्वारची भावाकडे गेली. 1914 साली महायुद्ध सुरू झालं आणि ते जुने शनिवार पूर्वीच्या रूपात पुन्हा कधी भरले नाहीत. पाहुण्यांच्या याद्या करताना लोक हे विसरतात. हेमिंग्वे तिच्या दारात पोचला 1922 साली, अमेरिकन लेखक शेरवूड अँडरसनचं शिफारसपत्र घेऊन. तोवर लिओ गेलेला होता आणि पिकासो-मातीस यांना जगभर नाव मिळालेलं होतं. त्या दशकातली स्टाइन म्हणजे तरुण लेखकांनी जिच्याकडे हस्तलिखित घेऊन जायचं, जिचं मत ऐकायचं अशी वडीलधारी लेखिका. 2011 साली आलेल्या एका गाजलेल्या हॉलिवुडपटामुळे आपल्याकडे हीच स्टाइन ओळखीची झाली. पण शनिवारची चित्रांची गर्दी आणि विशीतले लेखक या दोन वेगळ्या काळांतल्या गोष्टी आहेत. हेमिंग्वे आणि मातीस यांना एकाच संध्याकाळी एकाच खोलीत बसवणारी वर्णनं मी तरी विश्वासाने वाचत नाही.

दोन्ही काळांत एक गोष्ट मात्र कायम होती. खोलीचं केंद्र म्हणजे आधी भिंत आणि नंतर स्टाइन स्वतः. आपण अलौकिक प्रतिभेच्या लेखिका आहोत याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती, आणि तिचं बोलणं ऐकायला लोक येत होते. कलावंत आणि लेखक तिच्याभोवती बसायचे, त्यांच्या बायकांशी टोक्लस दुसऱ्या बाजूला बोलत बसायची. प्रतिभावंतांच्या बायकांबरोबर आपण किती बसलो याचा उल्लेख 1933च्या त्या प्रसिद्ध आत्मचरित्रात टोक्लसच्या तोंडी आहे. ते पुस्तक टोक्लसच्या नावाने स्टाइननेच लिहिलेलं. तेव्हा ही व्यवस्था स्टाइनला पुरती ठाऊक होती आणि ती तिने स्वतःच छापून ठेवली.

आता रू जाकोबला या.

बार्नी 1909 साली तिथे राहायला गेली. रस्त्याच्या बाजूने आत शिरलं की फरसबंद अंगण, मग दुमजली घर, आणि घरामागे पॅरिसच्या मधोमध असेल असं वाटणार नाही अशी झाडांनी गच्च भरलेली बाग. बागेच्या एका कोपऱ्यात चार डोरिक खांबांचं ते छोटं देऊळ, दर्शनी भागावर मैत्रीला अर्पण केल्याची अक्षरं कोरलेली. देऊळ तिने बांधलेलं नाही, घराबरोबर मिळालेलं आहे. घरही तिच्या मालकीचं नव्हतं, भाड्याचं होतं. पण त्या देवळामुळे घराला जे रूप आलं ते तिने पुरेपूर वापरलं.

तिथे भिंतीवर पाहण्यासारखा संग्रह नव्हता. माणसं यायची ती चहाला, काकडीची सँडविच आणि चॉकलेटचा केक खायला, आणि मुख्य म्हणजे एकमेकांना ऐकायला. कवी कविता वाचायचे, अभिनेत्री उतारे म्हणायच्या, नवं संगीत पहिल्यांदा वाजवलं जायचं. जॉर्ज अँथाइल या तरुण अमेरिकन संगीतकाराचं पहिलं स्ट्रिंग क्वार्टेट तिथेच सादर झालं. फ्रेंच कवी पॉल व्हालेरी यायचा, अमेरिकन कवी एझरा पाउंड यायचा. पाउंडने टी. एस. एलियटला बँकेतल्या नोकरीतून सोडवण्यासाठी वर्गणीची योजना आखली तेव्हा बार्नी तिच्यात सामील होती. बोलणं मुख्यतः फ्रेंचमध्ये चालायचं, कारण बार्नीची बहुतेक पुस्तकंही फ्रेंचमध्येच आहेत. स्टाइन जन्मभर पॅरिसमध्ये राहून इंग्रजीत लिहीत राहिली. बार्नीने फ्रेंच साहित्याच्या आत शिरून जागा केली. सतराव्या शतकापासून पॅरिसच्या बायका ज्या पद्धतीने साहित्यिकांना घरी जमवत आल्या, ती परंपरा तिने जाणूनबुजून उचलली होती. सलोन हेच तिचं ठरवून केलेलं काम होतं.

आणि त्या कामात यजमानीण मागे राहायची. बार्नी एक-दोन नेमकी वाक्यं बोलायची, दोन माणसांची गाठ घालून द्यायची आणि बाजूला व्हायची. तिची चटकदार वचनं 1910 आणि 1920च्या तिच्या पुस्तकांत आहेत, पण शुक्रवारी मान असायचा तो वाचणाऱ्या पाहुण्याला. चांगल्या गाण्याच्या बैठकीत घरमालक पहिल्या रांगेत न बसता दाराशी उभा राहून कोणाला पाणी हवं-नको ते बघतो, तसं तिचं होतं.

याचा सगळ्यात मोठा परिणाम दिसतो तो स्त्रियांच्या बाबतीत, आणि ज्या फरकासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो हाच. स्टाइनच्या घरी स्त्रीने घराचं नेतृत्व केलं, पण ऐकणारे आणि ऐकवणारे बहुतांशी पुरुष राहिले. बार्नीच्या घरी स्त्रियांचं लेखन मधोमध आणून ठेवलं होतं. फ्रेंच अकादमी ही फ्रेंच भाषा-साहित्याची मानाची संस्था 1635 पासून चालू होती आणि तिच्या सभासदांत एकही स्त्री नव्हती. पहिली स्त्री, मार्गरीत यूर्सनार, निवडली गेली 1980 साली. म्हणून 1927 साली बार्नीने आपल्या दिवाणखान्यात स्त्रियांची अकादमी भरवली. एकेका शुक्रवारी एकेका लेखिकेचा गौरव, तिच्यावर दुसऱ्या लेखिकेचं भाषण, तिच्या लेखनाचं वाचन. कोलेतचा गौरव झाला, रशिल्दचा झाला, जूना बार्न्सचा झाला, आणि 1909 सालीच वारलेल्या रने व्हिव्हियनचाही झाला. मृत कवयित्रीला सभासद मानणारी अकादमी मला फार महत्त्वाची वाटते. व्हिव्हियन बार्नीची तरुणपणीची प्रेयसी. तिच्या कविता मागे पडू नयेत ही धडपड बार्नीने शेवटपर्यंत सोडली नाही.

त्याच वर्षी त्याच अकादमीत गौरव झाला गर्ट्रूड स्टाइनचा. तिच्यावर भाषण केलं मीना लॉयने, आणि तिच्या प्रचंड कादंबरीतले उतारे फ्रेंचमध्ये आणले स्वतः बार्नीने. ही एक दुपार नीट डोळ्यांसमोर आणली तर दोन सलोनांमधला सगळा फरक कळतो. स्टाइन, जिच्या घरी स्टाइनच केंद्र असायची, ती इथे पाहुणी म्हणून बसली आहे. तिचं लेखन फ्रेंच वाचकांपर्यंत पोचावं म्हणून दुसरी लेखिका ते भाषांतरित करते आहे, तिसरी समजावून सांगते आहे. बार्नीने 1929 साली आपल्या साहित्यिक आठवणींचं पुस्तक काढलं तेव्हा त्याचा मोठा भाग या अकादमीतल्या स्त्रियांना दिला. स्टाइनच्या मृत्यूनंतर तिच्या अप्रकाशित लेखनाचा एक खंड निघाला, त्याची प्रस्तावनाही बार्नीची.

म्हणूनच दोघींच्या घरांना सरसकट समलिंगी स्त्रियांचं सलोन म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. स्टाइन आणि टोक्लस जोडपं म्हणून राहत होत्या आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण रू द फ्लरूसच्या बैठकीचा तो विषय नव्हता. बार्नीने 1900 साली स्त्रियांवरच्या प्रेमकविता स्वतःच्या नावाने छापल्या, आणि बदनामीच्या भीतीने तिच्या वडिलांनी उरलेल्या प्रती विकत घेऊन नष्ट करवल्या. शुक्रवारच्या बैठकीत स्त्रियांना आपलं प्रेम लिहिता आणि वाचून दाखवता यावं, हा तिचा उघड हेतू होता. दोन्ही घरांना एकच पाटी लावली की बार्नीच्या या धैर्याची किंमत शून्य होते. पुरुषही तिथे मानाने यायचे, हेही सोबत सांगायला हवं. रेमी द गुर्मोंसारखा आजाराने चेहरा विद्रूप झालेला, घराबाहेर न पडणारा विद्वान तिच्यामुळे पुन्हा माणसांत आला आणि त्याने तिला उद्देशून लिहिलेली पत्रं 1914 साली पुस्तकरूपाने निघाली.

आणखी दोन गोष्टी. नर्तकी माता हारी बार्नीकडे नाचली हे खरं, पण ते पॅरिसलगतच्या न्यूयी इथल्या तिच्या आधीच्या घरी, रू जाकोबच्या देवळासमोर नव्हे. बार्नीबद्दल लिहिताना साठ वर्षांच्या साहित्यिक कामाआधी हाच किस्सा सांगायची सवय मोडायला हवी. दुसरं, दोघींच्या युद्धकाळाबद्दल गप्प बसणं योग्य नाही. स्टाइन ज्यू असूनही जर्मनव्याप्त काळात फ्रान्सच्या खेड्यात सुरक्षित राहिली, त्यामागे जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी राजवटीतल्या बेर्नार फाय या मित्राचं संरक्षण होतं, आणि त्या राजवटीचा प्रमुख पेतां याची भाषणं इंग्रजीत आणायचं काम तिने हाती घेतलं होतं. बार्नी ती वर्षं फ्लॉरेन्समध्ये चित्रकार रोमेन ब्रूक्सबरोबर राहिली आणि मुसोलिनीच्या बाजूने झुकली. दोघींच्या चाहत्यांना हे अडचणीचं वाटतं. तरी लिहिलं पाहिजे.

युद्धानंतर मात्र दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. स्टाइन 1938 सालीच रू द फ्लरूस सोडून रू क्रिस्तीनला गेली होती. 1946 साली ती वारली. बार्नी त्याच वर्षी पॅरिसला परतली, रू जाकोबचं घर उघडलं आणि पुढे शुक्रवार पुन्हा सुरू केले. बेर्त क्लेरेर्ग ही 1927 पासूनची तिची घरव्यवस्थापक अजून सोबत होती. बार्नी 1972 साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी गेली.

कोणी पॅरिसला जाणार असेल तर पत्ते तपासून घ्या. रू द फ्लरूसच्या 27 क्रमांकावर स्टाइनच्या नावाची पाटी आहे, बाहेरून दिसते. रू जाकोबचं देऊळ संरक्षित वास्तू असलं तरी खाजगी आवारात आहे, रस्त्यावरून दिसत नाही. आणि नोत्र दामसमोरचं शेक्सपिअर अँड कंपनी हे पुस्तकांचं दुकान या दोघींपैकी कोणाचंच नाही. सिल्व्हिया बीचचं त्या नावाचं मूळ दुकान रू द लोदेओंवर होतं, ते 1941 साली बंद झालं. आताचं दुकान 1951 साली दुसऱ्याच माणसाने वेगळ्या नावाने सुरू केलं आणि बीचच्या दुकानाचं नाव त्याला 1964 साली मिळालं.