बोर्डावरची पिक चिप इरेज होत नाहीये? नवीन घ्यायच्या आधी हे वाचा

"चिप गेली, नवीन द्या" म्हणून जे बोर्ड आमच्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच बोर्डांवरची चिप ठणठणीत असते, कमी पडलेलं असतं ते व्होल्टेज. पिक म्हणजे मायक्रोचिप कंपनीची मायक्रोकंट्रोलर चिप, बोर्ड चालवणारा प्रोग्राम हिच्यातच असतो. त्यात सगळ्यात जास्त येते ती १६एफ८७७ए, म्हणून तिचंच सांगतो.

या चिपचा आयडी वाचायला कमी व्होल्टेज चालतं, पण बल्क इरेजला (म्हणजे अख्खी चिप एकदम पुसायला) व्हीडीडी, म्हणजे चिपचा सप्लाय, ४.५ ते ५.५ व्होल्टच लागतं. फसगत होते ती इथेच. सॉफ्टवेअर चिप ओळखतं, तुम्हाला वाटतं कनेक्शन ओके आहे, मग इरेज मारता आणि व्हेरिफायला (लिहिलेलं परत वाचून तपासताना) एरर येतो, कारण जुने शून्य झालेले बिट परत एक झालेलेच नसतात आणि त्यावर नवीन प्रोग्राम बसणार कसा. कोड प्रोटेक्ट (आतला प्रोग्राम कोणाला वाचता येऊ नये म्हणूनचं कुलूप) लावलेलं असेल तर बल्क इरेजशिवाय रस्ताच नाही. (प्रोटेक्ट केलेला जुना प्रोग्राम त्यात जातो तो कायमचा, म्हणून हेक्स फाईल, म्हणजे चिपमध्ये भरायच्या प्रोग्रामची फाईल, आहे का हे आम्ही आधी विचारतो.)

आता सगळ्यात कॉमन चूक. प्रोग्रॅमरच्याच (कॉम्प्युटरवरून चिपमध्ये प्रोग्राम भरायच्या यंत्राच्या) सप्लायवर अख्खा बोर्ड चालवणं. पिकिट ३ हा प्रोग्रॅमर जास्तीत जास्त ३० मिलिअँपिअर देतो, त्यावर एलसीडीची बॅकलाइट आणि रिले ओढायला लागले की व्होल्टेज बसलंच. मागच्या महिन्यात पाण्याच्या टाकीचा एक कंट्रोलर आला होता, चिपच्या ११ आणि १२ नंबरच्या पायांवर (सप्लाय आणि ग्राउंड) मीटर लावला तर ४.१ व्होल्ट. बोर्डाचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लावला, सॉफ्टवेअरमधली प्रोग्रॅमरने पॉवर द्यायची टिक काढली, मीटरवर ४.९८ आलं आणि पहिल्याच फटक्यात इरेज. त्या भाऊंनी आधी दोन चिपा बदलून झाल्या होत्या!

त्यामुळे व्होल्टेज चिपच्या पायावरच मोजा, प्रोग्रॅमरच्या टोकाला नाही, आणि इरेज चालू असतानाच मोजा. प्रोग्रॅमरचा आणि बोर्डाचा सप्लाय एकाच वेळी लावू नका. बोर्डावर ३.३ चा सेन्सर किंवा मॉड्यूल त्याच लाइनवर असेल तर ५ व्होल्ट देऊन ते जाळू नका, चिप काढून सॉकेटवर इरेज करा. व्होल्टेज बरोबर असूनही होत नसेल तर एमसीएलआरवरचा (चिपच्या रीसेटच्या पायावरचा) कपॅसिटर उचला, त्याने व्हीपीपी, म्हणजे त्याच पायावर द्यायचं प्रोग्रॅमिंगचं जास्तीचं व्होल्टेज, नीट चढत नाही, १० के चा पुलअप रेझिस्टर मात्र राहू दे.

आम्ही बोर्डासोबत अ‍ॅडॉप्टर मागतो ते याचसाठी, नुसता बोर्ड ठेवून गेलात तर आधी सप्लायची जुळवाजुळव करावी लागते आणि तुमचा एक दिवस वाया जातो. चेकिंगचे पैसे घेतो याची काही जणांना तक्रार असते, पण चिप चांगली निघाली तर नवीन चिपेचे पैसे आम्ही घेत नाही, उलट तुमचे वाचतात.

आमच्या डेव्हलपमेंट बोर्डावर एलसीडी आणि रिलेचा सप्लाय तोडायला वेगळे जंपर दिलेत, आयसीएसपी केबलही (चिप बोर्डावरच ठेवून प्रोग्रॅम करायची केबल) आखूड ठेवलीय. दुकानात येऊन तुमच्याच चिपवर लावून बघा, मग घ्यायचं का ते ठरवा. येताना अ‍ॅडॉप्टर तेवढा आणा.